सिल्व्हर स्प्रिंग्जमधील ऊर्जेचा हिशेब : एका झऱ्याच्या अन्नसाखळीचा प्रकरण अभ्यास

अन्नसाखळीच्या प्रत्येक पायरीवर दहा टक्के ऊर्जा पुढे जाते आणि नव्वद टक्के वाया जाते, हे विधान जीवशास्त्राच्या पाठांतून इतक्या वेळा भेटते की ते निसर्गाने घालून दिलेल्या नियमासारखे वाटू लागते. एखाद्या परिसंस्थेतील ऊर्जेचा हिशेब प्रत्यक्ष मांडायला घेतला, की या विधानाचे दोन्ही भाग तपासून पाहावे लागतात. पुढे जाणारा वाटा प्रत्येक पायरीवर निराळा निघतो. आणि जो वाटा पुढे जात नाही, त्यातील बहुतेक भाग कोणत्या ना कोणत्या सजीवाने जगण्यासाठी खर्च केलेला असतो, म्हणून त्याला वाया गेलेला म्हणणे बरोबर नाही. हे स्पष्ट करण्यासाठी अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातील सिल्व्हर स्प्रिंग्ज या झऱ्याचे प्रकरण येथे सविस्तर घेतले आहे. हॉवर्ड टी. ओडम (१९२४–२००२) या परिसंस्थाशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात या झऱ्याचा अभ्यास केला आणि १९५७ मध्ये ‘इकॉलॉजिकल मोनोग्राफ्स’ या नियतकालिकात त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. सूर्यप्रकाशापासून सर्वोच्च भक्षकापर्यंत आणि तेथून विघटकांपर्यंत सर्व आकडे एकाच जागेचे, एकाच एककातील आणि बेरीज जुळणारे असल्यामुळे, इतक्या वर्षांनंतरही ऊर्जेचा प्रवाह समजून घेण्यासाठी याच्याइतके उपयुक्त उदाहरण क्वचितच सापडते.

झरा आणि त्यातील सजीव

सिल्व्हर स्प्रिंग्ज हा ओकाला या शहराजवळचा, चुनखडीच्या खडकातील भूजलातून उसळणारा प्रचंड झरा आहे. त्याचे पाणी सिल्व्हर नदीच्या रूपाने वाहत जाऊन पुढे ओक्लावाहा नदीला मिळते. जमिनीखालून येत असल्यामुळे पाण्याचे तापमान वर्षभर २२ ते २३ अंश सेल्सिअसच्या आसपास राहते, आणि पाणी इतके नितळ असते की तळावरील वनस्पतींपर्यंत प्रकाश सहज पोहोचतो. तळाला काचा बसवलेल्या नावांतून हा तळ पाहण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनच प्रवासी येथे येत असत.

तळावर सॅजिटेरिया या पट्टीसारख्या पानांच्या पाणवनस्पतीचे दाट कुरण आहे. या पानांवर शैवालाचा थर वाढतो, आणि सॅजिटेरिया व हे शैवाल मिळून झऱ्यातील उत्पादकांची पातळी तयार होते. दुसऱ्या पातळीवर गोगलगायी, कीटकांच्या अळ्या, वनस्पती खाणारी कासवे आणि बोय (मुलेट) यांसारखे मासे येतात. तिसऱ्या पातळीवर अळ्या व इतर लहान प्राणी खाणारे सनफिशसारखे मासे आणि काही मांसभक्षक अपृष्ठवंशीय प्राणी आहेत. लार्जमाउथ बास हा मासा, गार हा लांब जबड्याचा मासा आणि मगरीसारखा अॅलिगेटर हे चौथ्या पातळीवरचे भक्षक होत. या साखळीच्या बाजूला, प्रत्येक पातळीशी जोडलेले, जिवाणू आणि इतर विघटक असतात.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. पोषण पातळी ही प्राण्यांच्या जातींची यादी नसून ऊर्जा किती हस्तांतरणांनंतर पोहोचली याची नोंद असते. जो मासा निम्मे शैवाल आणि निम्म्या अळ्या खातो, त्याने मिळवलेली ऊर्जा दुसऱ्या आणि तिसऱ्या पातळीत विभागून मांडावी लागते. बास माशाचे पिल्लू सूक्ष्म प्राण्यांवर वाढते आणि मोठे झाल्यावर इतर मासे खाते, म्हणजे एकाच प्राण्याची पातळी वयाबरोबर बदलते. ‘अमुक प्राणी अमुक पातळीचा’ असे वर्गीकरण सोयीसाठी चालते. ऊर्जा मोजताना मात्र ‘अमुक घास अमुक पातळीचा’ असेच पाहावे लागते.

मोजमाप कसे झाले

ऊर्जा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तिच्या मोबदल्यात जे दिसते ते मोजावे लागते. वनस्पती प्रकाशसंश्लेषण करतात तेव्हा ऑक्सिजन बाहेर पडतो, आणि कोणताही सजीव श्वसन करतो तेव्हा ऑक्सिजन वापरला जातो. झऱ्याच्या उगमातून येणाऱ्या पाण्यातील ऑक्सिजनचे प्रमाण जवळजवळ स्थिर असते. त्यामुळे तेच पाणी काही अंतर वाहून गेल्यावर त्यातील ऑक्सिजन किती बदलला हे पाहिले, की मधल्या टप्प्यातील संपूर्ण जीवसमुदायाने काय केले ते कळते. दिवसा ऑक्सिजन वाढतो, रात्री घटतो. रात्रीची घट हे श्वसनाचे माप मानले आणि ते दिवसाच्या वाढीत मिळवले, की एकूण प्रकाशसंश्लेषणाचा अंदाज मिळतो. पाणी आणि हवा यांच्यात होणाऱ्या ऑक्सिजनच्या देवघेवीची दुरुस्ती त्यात करावी लागते. एक ग्रॅम ऑक्सिजनमागे साधारण साडेतीन किलोकॅलरी ऊर्जा, या प्रमाणाने हे आकडे ऊर्जेत रूपांतरित करता येतात. वाहत्या पाण्यासाठी ही पद्धत ओडम यांनीच पुढे आणली, आणि माझ्या मते या अभ्यासाची खरी ताकद तिच्यात आहे, कारण संपूर्ण समुदायाचे श्वसन स्वतंत्रपणे मोजलेले असले की एकेका गटाच्या अंदाजांची बेरीज त्याच्याशी ताडून पाहता येते.

येथून पुढचे सर्व ऊर्जेचे आकडे एका चौरस मीटरमागे एका वर्षातील किलोकॅलरींचे आहेत.

प्रकाशापासून वनस्पतीपर्यंत

झऱ्यावर पडणारी सूर्याची ऊर्जा सुमारे १७,००,००० होती. तिच्यापैकी सुमारे ४,१०,००० वनस्पतींनी शोषली आणि त्यातून २०,८१० एवढीच रासायनिक ऊर्जेच्या रूपात बांधली गेली. पडलेल्या प्रकाशाशी तुलना केली तर हे प्रमाण १.२ टक्के होते, शोषलेल्या प्रकाशाशी केली तर ५.१ टक्के. उरलेला शोषलेला प्रकाश उष्णता बनून निघून गेला. साखळीतील सर्वांत मोठी घट ही येथे, कोणताही प्राणी चित्रात येण्यापूर्वीच झालेली आहे, आणि तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही, कारण अन्नसाखळीची चित्रे गवतापासून सुरू होतात.

२०,८१० हे सकल प्राथमिक उत्पादन झाले. ते सारे प्राण्यांना उपलब्ध नसते, कारण वनस्पतींनाही श्वसन करावे लागते. पेशींची डागडुजी, क्षारांचे शोषण आणि नव्या ऊतींची बांधणी यांना ऊर्जा लागते. झऱ्यातील वनस्पतींनी स्वतःच्या श्वसनासाठी ११,९७७ खर्च केले. उरलेले ८,८३३ हे निव्वळ प्राथमिक उत्पादन होय. म्हणजे बांधलेल्या ऊर्जेपैकी सुमारे ५८ टक्के ऊर्जा उत्पादकांनीच वापरली. वनस्पती अन्न ‘तयार करतात’ असे म्हणताना त्या ते अन्न सर्वांत आधी स्वतः वापरतात, ही बाब वगळली, तर पुढचा सर्व हिशेब चुकतो.

शाकाहारी पातळी

दुसऱ्या पातळीने ३,३६८ एवढी ऊर्जा आत्मसात केली. त्यातील १,८९० श्वसनात गेली आणि १,४७८ नव्या शरीराच्या रूपात, म्हणजे वाढ, अंडी आणि पिल्ले यांच्या रूपात साठली.

या तीन आकड्यांमागे तीन वेगवेगळ्या प्रक्रिया आहेत, आणि माझ्या दृष्टीने संपूर्ण प्रकरणाचा गाभा त्यांच्यात आहे. पहिली प्रक्रिया खाण्याची: खालच्या पातळीने जे उत्पादन केले त्यापैकी किती तोंडात गेले? दुसरी पचनाची: जे गिळले त्यापैकी किती आतड्यातून शरीरात शोषले गेले आणि किती विष्ठेवाटे बाहेर पडले? तिसरी बांधणीची: जे शोषले त्यापैकी किती शरीराचा भाग बनले आणि किती श्वसनात खर्च झाले? पुढच्या पातळीला केवळ तिसऱ्या प्रक्रियेतून जे उरते तेच उपलब्ध होते. कोणत्याही प्राण्याला मिळणारी ऊर्जा या तीन प्रमाणांच्या गुणाकाराने ठरते, आणि ही तिन्ही प्रमाणे प्राण्यानुसार, अन्नानुसार आणि परिस्थितीनुसार स्वतंत्रपणे बदलू शकतात.

श्वसन १,८९० आणि निव्वळ उत्पादन १,४७८ यांची बेरीज ३,३६८ येते. म्हणजे ३,३६८ हा शोषलेल्या ऊर्जेचा आकडा आहे, गिळलेल्या अन्नाचा नाही. प्रत्यक्षात गोगलगायी, अळ्या आणि कासवे यांनी याहून बरेच अधिक खाल्ले असणार. वनस्पतींच्या पेशीभित्तिकेतील सेल्युलोज आणि लिग्निन पचायला कठीण असल्यामुळे शाकाहारी प्राण्यांच्या अन्नाचा मोठा भाग न पचता बाहेर पडतो. केवळ उदाहरणादाखल पचनाचे प्रमाण ५० टक्के धरले, तर शाकाहाऱ्यांनी ६,७३६ एवढे अन्न खाल्ले असे होईल, म्हणजे निव्वळ प्राथमिक उत्पादनाच्या तीन चतुर्थांशांहून अधिक. न पचलेला भाग विघटकांच्या खात्यात जातो. तो हरवत नाही, पण सनफिशच्या तोंडीही लागत नाही.

शोषलेल्या ऊर्जेपैकी ४४ टक्के भाग या पातळीने शरीरबांधणीत घातला, हे प्रमाण लक्षणीय आहे. त्याचे कारण या पातळीच्या घडणीत सापडते. गोगलगायी, अळ्या, मासे आणि कासवे हे सर्व शीतरक्ती प्राणी आहेत. शरीराचे तापमान आसपासच्या पाण्याइतकेच राहत असल्यामुळे उष्णता निर्माण करण्यासाठी त्यांना वेगळी ऊर्जा जाळावी लागत नाही. उष्णरक्ती प्राण्यांत, म्हणजे पक्षी व सस्तन प्राण्यांत, शोषलेल्या ऊर्जेपैकी शरीराच्या वाढीला साधारण एक ते तीन टक्केच जातात. बाकीची श्वसनात आणि शरीर उबदार ठेवण्यात खर्च होते. अन्न स्थिर असते आणि त्यासाठी पाठलाग करावा लागत नाही, हेही गोगलगायीसारख्या प्राण्याच्या पथ्यावर पडते.

मांसभक्षक आणि सर्वोच्च भक्षक

तिसऱ्या पातळीने ३८३ एवढी ऊर्जा शोषली, ३१६ श्वसनात घालवली आणि ६७ शरीरात साठवली. चौथ्या पातळीकडे २१ पोहोचली. तिच्यापैकी १३ श्वसनात गेली आणि ६ निव्वळ उत्पादन म्हणून उरली. (१३ आणि ६ यांची बेरीज १९ येते, दोनचा हा फरक केवळ आकडे पूर्णांकात मांडल्यामुळे येऊ शकत नाही.)

तिसऱ्या पातळीवर शोषलेल्या ऊर्जेचा अवघा १७.५ टक्के भाग शरीरात साठला, शाकाहाऱ्यांच्या ४४ टक्क्यांपुढे हे प्रमाण फारच कमी आहे. मांस पचायला सोपे असते. मांसभक्षक प्राणी खाल्लेल्या अन्नातील ८० टक्के किंवा त्याहूनही अधिक ऊर्जा शोषू शकतात. म्हणजे अडचण पचनाच्या टप्प्यावर नसून बांधणीच्या टप्प्यावर आहे. हलणारे, लपणारे आणि विखुरलेले भक्ष्य शोधून पकडण्यासाठी पोहावे लागते, आणि पोहण्याची किंमत श्वसनात मोजावी लागते. शाकाहाऱ्यांना अन्न विपुल पण पचनाला अवघड असते. मांसभक्षकांना ते दुर्मिळ पण पचनाला सुलभ असते. ऊर्जेचा तोटा दोघांनाही होतो, फक्त तो निरनिराळ्या टप्प्यांवर होतो. ही गोष्ट एकाच ‘दहा टक्के’ या आकड्याने झाकली जाते, म्हणून त्या आकड्याविषयी माझी तक्रार आहे.

सर्व आकडे एकत्र पाहता यावेत म्हणून ते येथे मांडले आहेत:

उत्पादक: मिळवली २०,८१०, श्वसन ११,९७७, निव्वळ ८,८३३
शाकाहारी: मिळवली ३,३६८, श्वसन १,८९०, निव्वळ १,४७८
मांसभक्षक: मिळवली ३८३; श्वसन ३१६; निव्वळ ६७
सर्वोच्च भक्षक: मिळवली २१, श्वसन १३, निव्वळ ६
विघटक: मिळवली ५,०६०, श्वसन ४,६००, निव्वळ ४६०

विघटकांचे खाते

या मांडणीतील शेवटची ओळ मी मुद्दाम अधिक विस्ताराने घेत आहे, कारण अन्नसाखळीच्या बहुतेक चित्रांत विघटक कोपऱ्यात एखाद्या भूछत्राच्या रूपाने उभे असतात आणि वाचकाच्या मनात त्यांचे स्थानही तेवढेच राहते.

शाकाहाऱ्यांनी निव्वळ प्राथमिक उत्पादनाच्या ८,८३३ पैकी ३,३६८ शोषले. उरलेले ५,४६५ कोठे गेले? त्यात न खाल्लेली, वाळून सडलेली पाने आहेत, पानांवरून सुटून वाहून गेलेले शैवाल आहे आणि शाकाहाऱ्यांनी न पचवता टाकलेला भागही आहे. त्यात शाकाहाऱ्यांच्या उत्पादनातील मांसभक्षकांनी न शोषलेले १,०९५, मांसभक्षकांच्या उत्पादनातील ४६ आणि सर्वोच्च भक्षकांचे स्वतःचे ६ मिळवावे लागतात. अॅलिगेटरला कोणी खात नसले तरी तो मरतोच, आणि त्याच्या शरीरातील ऊर्जा याच खात्यात येते. याखेरीज ४८६ एवढी ऊर्जा बाहेरून झऱ्यात येत होती आणि झरा पाहायला येणारे लोक माशांना टाकत असलेल्या पावाचा त्यात वाटा होता. या साऱ्यातून सुमारे २,५०० एवढी ऊर्जा मृत सेंद्रिय द्रव्याच्या रूपात प्रवाहाबरोबर झऱ्याबाहेर गेली आणि बाकीची विघटकांनी वापरली. विघटकांनी बांधलेले स्वतःचे ४६० देखील मेल्यावर पुन्हा याच मृत द्रव्यात मिसळतात आणि पुन्हा विघटकांच्याच उपयोगी पडतात. ते हिशेबात धरले की ५,०६० हा आकडा जवळजवळ नेमका जुळतो.

आता श्वसनाची तुलना करावी. शाकाहारी, मांसभक्षक आणि सर्वोच्च भक्षक या तिन्ही प्राणी-पातळ्यांचे एकत्रित श्वसन १,८९० + ३१६ + १३, म्हणजे २,२१९ होते. विघटकांचे एकट्याचे श्वसन ४,६०० होते, दुपटीहून अधिक. काचेच्या तळाच्या नावेतून पाहणाऱ्याला मासे आणि कासवे दिसतात. झऱ्यातील वनस्पतींनंतरचा ऊर्जेचा सर्वांत मोठा व्यवहार मात्र चिखलातील आणि सडक्या पानांवरील जिवाणू करत असतात. अन्नसाखळी शिकवताना विघटकांकडे जाणारा बाण सर्वांत जाड काढला पाहिजे, असे मला ठामपणे वाटते.

हिशेबाची एकूण बेरीजही येथेच पाहून घ्यावी. आत आलेली ऊर्जा २०,८१० अधिक ४८६, म्हणजे २१,२९६. सर्व गटांचे श्वसन १८,७९६ आणि बाहेर वाहून गेलेले २,५००, यांची बेरीजही २१,२९६. ऊर्जा नष्ट होत नाही, हा उष्मागतिकीचा पहिला नियम या जुळणीत दिसतो. दुसरा नियम १८,७९६ या आकड्यात दिसतो: श्वसनातून उष्णतेच्या रूपात बाहेर पडलेली ही ऊर्जा कोणताही सजीव पुन्हा अन्न म्हणून वापरू शकत नाही. कार्बन, नायट्रोजन आणि फॉस्फरस विघटकांमार्फत पुन्हा वनस्पतींकडे जातात, ऊर्जा जात नाही. म्हणून झऱ्याला दररोज नव्या सूर्यप्रकाशाची गरज असते.

दहा टक्क्यांचा प्रश्न

प्रत्येक पातळीने मिळवलेली ऊर्जा खालच्या पातळीने मिळवलेल्या ऊर्जेशी ताडून पाहिली, तर सिल्व्हर स्प्रिंग्जमध्ये शाकाहाऱ्यांसाठी १६.२ टक्के, मांसभक्षकांसाठी ११.४ टक्के आणि सर्वोच्च भक्षकांसाठी ५.५ टक्के असे प्रमाण येते. निव्वळ उत्पादनांची तुलना केली तर तेच आकडे १६.७, ४.५ आणि ९.० टक्के होतात. एकाच झऱ्यातील एकाच वर्षाच्या आकड्यांतून, भागाकार कशाला कशाने केला यावर अवलंबून, इतके वेगळे निष्कर्ष निघतात. त्यामुळे ‘कार्यक्षमता’ हा शब्द वापरताना ती कोणत्या दोन राशींमधील आहे हे सांगितलेच पाहिजे.

सिल्व्हर स्प्रिंग्जच्या पंधरा वर्षे आधी, १९४२ मध्ये, रेमंड लिंडेमन यांचा मिनेसोटा राज्यातील सीडर बॉग या लहानशा तळ्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. पोषण पातळ्यांमधील ऊर्जेच्या हस्तांतरणाची आजची मांडणी त्या निबंधापासून सुरू होते. तो छापून येण्यापूर्वीच, वयाची २७ वर्षे पूर्ण होण्याआधी, लिंडेमन यांचे निधन झाले होते. त्यांच्या तळ्यात शाकाहाऱ्यांसाठी १३.३ टक्के आणि मांसभक्षकांसाठी २२.३ टक्के असे प्रमाण निघाले, म्हणजे वर जाताना कार्यक्षमता वाढत होती. सिल्व्हर स्प्रिंग्जमध्ये, मिळवलेल्या ऊर्जेच्या प्रमाणांनुसार, ती वर जाताना घटते. दोन काळजीपूर्वक केलेले अभ्यास परस्परविरुद्ध कल दाखवतात, तेव्हा त्यातून कोणताही एक सार्वत्रिक कल ठरवता येत नाही, हे मान्य करणेच योग्य.

मग दहा हा आकडा पूर्णपणे निराधार आहे का? तसेही नाही. १९९५ मध्ये डॅनिएल पॉली आणि व्हिली क्रिस्टेन्सन यांनी ४८ जलीय परिसंस्थांच्या प्रारूपांतील हस्तांतरणाची प्रमाणे एकत्र केली, तेव्हा सरासरी सुमारे दहा टक्केच आली. अनेक परिसंस्थांची सरासरी म्हणून, अंदाज बांधण्यासाठी, हा आकडा उपयोगी आहे. एखाद्या विशिष्ट झऱ्यातील विशिष्ट पायरीचा आकडा म्हणून तो गृहीत धरला, तर ५.५ आणि १६.२ यांतील तिपटीचा फरक नजरेआड होतो.

एक मर्यादाही नोंदवणे आवश्यक आहे. वरच्या पातळ्यांचे आकडे अतिशय लहान आहेत, त्यामुळे तेथे थोडीशी चूकही प्रमाण बरेच बदलते. सर्वोच्च भक्षकांचे निव्वळ उत्पादन ६ ऐवजी ७ असते, तर त्यांची कार्यक्षमता ९.० वरून १०.४ टक्क्यांवर गेली असती. वनस्पतींच्या २०,८१० मध्ये एका किलोकॅलरीने काहीही फरक पडत नाही. म्हणून अॅलिगेटरच्या पायरीवरील टक्केवारीवर मोठे सिद्धांत उभारू नयेत.

साठा निराळा, प्रवाह निराळा

ओडम यांनी प्रत्येक गटाचा जैवभारही नोंदवला. एका चौरस मीटरमागे कोरड्या वजनाने उत्पादक ८०९ ग्रॅम, शाकाहारी ३७ ग्रॅम, मांसभक्षक ११ ग्रॅम, सर्वोच्च भक्षक १.५ ग्रॅम आणि विघटक अवघे ५ ग्रॅम. जैवभार हा एखाद्या क्षणी असलेला साठा आहे, आणि ऊर्जेचा आकडा हा वर्षभरात त्या साठ्यातून वाहून गेलेला प्रवाह आहे. पातळ्या एकावर एक रचून या आकड्यांचे मनोरे काढले, तर दोन्ही मनोऱ्यांचा आकार सारखा असेलच असे नाही.

एकाला दुसऱ्याने भागले की फरक ठळक होतो. सर्वोच्च भक्षकांच्या एका ग्रॅममधून वर्षाला १४ किलोकॅलरी ऊर्जा गेली, मांसभक्षकांच्या एका ग्रॅममधून सुमारे ३५, शाकाहाऱ्यांच्या एका ग्रॅममधून सुमारे ९१, आणि विघटकांच्या एका ग्रॅममधून हजाराहून अधिक. शरीर जितके लहान तितका वजनामागे चयापचयाचा वेग अधिक, हे जीवशास्त्रातील सुपरिचित तत्त्व या आकड्यांत स्पष्ट दिसते. पाच ग्रॅम जिवाणू एवढी प्रचंड ऊर्जा हाताळतात, कारण ते अत्यंत वेगाने वाढतात, श्वसन करतात आणि मरतात. दीड ग्रॅमचा भक्षक-साठा टिकून राहतो, कारण त्यातील प्राणी मोठे, दीर्घायुषी आणि वजनाच्या मानाने कमी खर्चिक आहेत. वरच्या पातळीवर ऊर्जा कमी पोहोचते हे खरे. पण पोहोचलेली ऊर्जा तेथील शरीरांत अधिक काळ टिकते. जैवभाराचा मनोरा त्यामुळे वरच्या पातळ्यांवर ऊर्जेच्या मनोऱ्याइतका निमुळता दिसत नाही: शाकाहाऱ्यांच्या तुलनेत मांसभक्षकांचा जैवभार ३० टक्के आहे, ऊर्जा मात्र ११ टक्केच.

किती क्षेत्र लागते

समजा, एखाद्या प्राण्याला दिवसाला १,००० किलोकॅलरी शोषाव्या लागतात, म्हणजे वर्षाला ३,६५,०००. हा प्राणी शाकाहारी असेल आणि त्या पातळीची सारी ऊर्जा त्यालाच मिळत असेल, तर त्याला झऱ्याच्या सुमारे १०८ चौरस मीटर क्षेत्रावर भागवता येईल. तोच प्राणी चौथ्या पातळीवर असेल, तर त्याला सुमारे १७,४०० चौरस मीटर, म्हणजे पावणेदोन हेक्टर लागतील. गरज तीच, क्षेत्र १६० पट. प्रत्यक्षात त्या पातळीवर इतर भक्षकही असतात, त्यामुळे खरे क्षेत्र आणखी मोठे होईल. मोठे भक्षक संख्येने थोडे का असतात आणि त्यांच्या अधिवासाचा तुकडा पडला की ते सर्वांत आधी का नाहीसे होतात, याचे एक महत्त्वाचे कारण या भागाकारात आहे.

पाचवी पातळी का नाही, याचेही उत्तर येथूनच मिळते. चौथ्या पातळीचे निव्वळ उत्पादन ६ आहे. त्याचा तिसरा हिस्सा एखाद्या पाचव्या भक्षकाला मिळाला असे धरले, तरी चौरस मीटरमागे २ किलोकॅलरी येतील आणि वरील प्राण्याला १८ हेक्टरांहून अधिक क्षेत्रात पसरलेल्या बास, गार आणि अॅलिगेटर यांची शिकार करत हिंडावे लागेल. त्या हिंडण्याचा खर्चच मिळकतीच्या पुढे जाण्याची शक्यता मोठी आहे. अर्थात साखळीची लांबी केवळ ऊर्जेवर ठरत नाही. परिसंस्थेचा विस्तार आणि तिची स्थिरता यांचाही त्यावर परिणाम होतो.

नंतरचे बदल या हिशेबातून पाहताना

ओडम यांच्या अभ्यासानंतर सिल्व्हर स्प्रिंग्ज तसाच राहिला नाही. १९६८ मध्ये ओक्लावाहा नदीवर रॉडमन धरण पूर्ण झाले आणि समुद्राकडून नदीतून वर येणाऱ्या बोय व इतर माशांचा मार्ग अडला. आसपासच्या जमिनीवरील खतांमुळे आणि सांडपाण्यामुळे भूजलातील नायट्रेटचे प्रमाण वाढले, आणि झऱ्याचा प्रवाहही पूर्वीपेक्षा घटला. फ्लोरिडातील अनेक झऱ्यांत तंतुमय शैवालाचे जाड थर वाढलेले दिसतात, आणि त्यांचे कारण काय यावर संशोधकांचे एकमत नाही. काहींचा भर नायट्रेटवर आहे. इतरांच्या मते शैवाल खाणारे प्राणी घटणे आणि पाण्यातील ऑक्सिजन व प्रवाह कमी होणे हे अधिक महत्त्वाचे आहे.

ऊर्जेचा हिशेब हा वाद मिटवत नाही, पण कोणता आकडा मोजायचा हे तो सांगतो. वाढलेल्या पोषकद्रव्यांमुळे शैवाल वाढले असेल, तर सकल प्राथमिक उत्पादन २०,८१० च्या पुढे गेलेले दिसले पाहिजे. शैवाल खाणारे घटल्यामुळे ते साठले असेल, तर उत्पादन तेवढेच राहूनही किंवा कमी होऊनही शैवालाचा साठा वाढू शकतो. मात्र तेव्हा शाकाहाऱ्यांच्या ३,३६८ या आकड्यात घट झाली पाहिजे, आणि न खाल्लेला तो भाग विघटकांच्या ५,०६० मध्ये किंवा प्रवाहाबरोबर जाणाऱ्या २,५०० मध्ये वाढ होऊन दिसला पाहिजे. विघटकांचे श्वसन वाढले तर रात्रीच्या वेळी पाण्यातील ऑक्सिजन आणखी खाली जाईल, आणि ज्या गोगलगायींनी व माशांनी ते शैवाल खायचे त्यांचे जगणे त्यामुळे अधिक कठीण होईल. केवळ शैवालाचे वजन करून या दोन शक्यतांत फरक करता येत नाही. त्यासाठी उगमाशी आणि प्रवाहाच्या खालच्या टोकाशी ऑक्सिजन रात्रंदिवस मोजण्याची, ओडम यांनी वापरलेली तीच पद्धत पुन्हा वापरावी लागते, आणि तिच्या जोडीला शाकाहारी प्राण्यांची गणती करावी लागते.